मुंगी चावल्यासारखं

सोमवार, ११ फेब्रुवारी १९४६. करुणा रुग्णालय, नगर.

काल शेवगावहून सर्व्हिस मोटारीनं आलो. मागच्या बाकावर मला आडवं घातलं होतं. दर खड्ड्याला मी आमच्या शाळाखात्याच्या साहेबांची आठवण काढत होते. ऑक्टोबरात शाळेच्या विहिरीवर भरली घागर उचलताना कमरेत काहीतरी सटकलं, तेव्हापासून डाव्या पायात कळ उतरते. नाताळापासून पाऊल घासत चालते. रजेच्या अर्जावर साहेबांनी शेरा मारला, ‘स्त्रियांच्या पाठी दुखतातच.’ शेरा मला तोंडपाठ आहे.

आज डॉक्टर निमसे यांनी तपासलं. लढाईत कॅप्टन होते, गेल्या वर्षी परतले. टाचणी टोचून पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली, पाय ताठ धरून वर उचलला. मी कळवळले तर ‘हं’ म्हणाले. मग मास्तरांना बाहेर बोलावलं. (नवऱ्याला मी लग्नाआधीपासून मास्तर म्हणते. मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवतात.) व्हरांड्यात दोघे पाव तास बोलत होते. मला खिडकीतून डॉक्टरांचा नुसता हात दिसत होता, हवेत वरून खाली रेघ ओढणारा. पाठ माझी, पाय माझा आणि बोलणी नवऱ्याशी. मी सतरा वर्षं शाळा शिकवते आहे. मणका हा शब्द मला कळला असता.

मास्तर आत आले. “एक तपासणी करायची म्हणतात. पाठीत औषधी तेल सोडायचं आणि क्ष-किरणांनी बघायचं, ते कुठं अडतं.”

“दुखतं का?”

“मुंगी चावल्यासारखं, म्हणाले.”

“काळी मुंगी का लाल?”

ते हसले नाहीत. एरवी हसले असते.

“आणि बाकी काय म्हणाले? पाव तास मुंगीवरच बोलत होता?”

“तेल मुंबईहून यायचंय,” म्हणाले आणि तांब्या घेऊन पाणी आणायला गेले. तांब्या भरलेला होता.

गुरुवार, १४ फेब्रुवारी.

पुष्पावती नावाची परिचारिका आहे, चटपटीत. तिला विचारलं, तपासणीत नक्की काय काय करतात. “डॉक्टरांना विचारा.” डॉक्टरांना विचारलं. “तुम्ही काळजी करू नका.” मी काळजीचं विचारलंच नव्हतं. माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलीनं ‘सात नव्वे किती’ याला ‘बाई, तुम्ही काळजी करू नका’ असं उत्तर दिलं असतं, तर तिला मी बाकावर उभी केली असती.

शेजारच्या खाटेवर नवी बाई आली. बायडाबाई. जामखेडच्या पलीकडून, तीन दिवस बैलगाडीत. वय तिशीच्या आतच. पाठीच्या मध्यावर हाड वर आलंय आणि दिवाळीपासून पाय जड होत होत आता लाकडासारखे झालेत. नवरा गहिनीनाथ तिला पाठुंगळीला घेऊन आत आला, खाटेवर ठेवलं, पागोट्याच्या शेवानं तिचा घाम पुसला आणि भिंतीला टेकून खाली बसला. दिवसभरात चार शब्द बोलला नसेल. ठोंब्या दिसतो.

बायडाबाईनं माझं नाव विचारलं, मग गाव, मग जात. ख्रिस्ती म्हटल्यावर तिनं आपला तांब्या हळूच पलीकडच्या अंगाला सरकवला. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तिनंही पाहिलं. सवय आहे. सवय झाली म्हणून राग येत नाही, असं मात्र नाही.

शनिवार, २३ फेब्रुवारी.

तेल नाही. मुंबईत आरमारी खलाशांचा संप, गोळीबार, सगळं ठप्प. मास्तर चौकातल्या वाचनालयात जाऊन बातम्या ऐकून येतात. रस्त्यावर पुष्कळ माणसं पडली म्हणे. तिथं माणसं मरताहेत आणि मी एका बाटलीची वाट बघतेय, हे लिहिताना लाज वाटते. पण काल खाटेवरून पाय खाली सोडला तर तो जमिनीला टेकल्याचं मला समजलं नाही. डोळ्यांनी बघावं लागलं. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मास्तरांना तर नाहीच.

मास्तर जणू दवाखान्याचे नोकर झालेत. दिवसभर मागच्या पडवीत रंधा मारण्याचा आवाज येतो. काय करता म्हणून विचारलं तर “डॉक्टरांचं एक काम आहे.” बायको इथं पडलीय आणि हे डॉक्टरांची मर्जी संपादन करताहेत. जेवतही नाहीत धड. दुपारी माझ्यासमोर भाकरी मोडून बसले आणि तुकडा हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिले. मी म्हटलं, “घास तोंडात घातल्याशिवाय पोटात जात नाही.” तेव्हा खाल्ला.

बुधवार, २७ फेब्रुवारी.

तेल आलं. उद्या सकाळी. उद्यापर्यंत पाण्याखेरीज काही नाही. यापलीकडे कुणीही काही सांगितलेलं नाही.

शनिवार, २ मार्च.

डोकं उचलता येत नाही. आडवं पडून चार ओळी. झालं. मुंगी नव्हती.

सोमवार, ४ मार्च.

आज पाठीवर पडून, वही छातीशी धरून लिहिते आहे. सगळं लिहिणार आहे.

खोली काळोखी केलेली. खिडक्यांना काळं कापड. डॉक्टरांच्या अंगावर जाड शिशाचा झगा, डोळ्यांवर लाल काचांचा चष्मा. मला डाव्या कुशीवर घेतलं, गुडघे छातीला लावायला सांगितले. पुष्पावतीनं एक हात मानेमागं, एक गुडघ्यांमागं घालून मला दुमडलं आणि तशीच दाबून धरली. कमरेवर गार औषध. मग बारीक सुई, भूल देणारी. हीच ती मुंगी. इथवरची गोष्ट खरी होती.

मग मोठी सुई. ती दुखत नव्हती, ती ढकलत होती. आत कुठंतरी हाडाला लागली आणि त्याचा आवाज मला माझ्या दातांत आला. बाहेर काढली. पुन्हा घातली. दुसऱ्यांदा डाव्या पायात कंबरेपासून अंगठ्यापर्यंत वीज गेली आणि पाय आपोआप झाडला गेला. “हलू नका,” डॉक्टर ओरडले. मी हलले नव्हते, पाय हलला होता. त्यांचा हात माझ्या पाठीला टेकलेला होता. तो हात थरथरत होता, मी सांगते.

मग तेल. वाटीतल्या गरम पाण्यात बाटली ठेवून कोमट केलेलं. आत जाताना भाजत नाही, भरत जातं. भरल्या घागरीत आणखी पाणी ओतावं तसं. त्यानंतर मला पालथं घालून पट्ट्यांनी एका मेजाला बांधलं आणि मेजच कलतं केलं. डोकं खाली, पाय वर. मग पाय खाली, डोकं वर. पुन्हा उलटं. तेल खाली उतरलं की डावी मांडी पेटायची. मी रडले. मोठ्यानं रडले. सतरा वर्षांत माझ्या वर्गातल्या कुठल्या मुलीला मी इतकं मोठ्यानं रडू दिलं नसतं.

आणि ते मेज. माझं तोंड त्याच्या कडेला लागलं होतं. ती कड गोल घासलेली, काचेसारखी गुळगुळीत, आणि कोपऱ्याला जो सांधा होता तसा सांधा सबंध जिल्ह्यात एकच माणूस घालतो. आमच्या घरच्या पाळण्याला तोच आहे. गुडघे टेकतात तिथं लाकूड खोलगट कोरून कापसाची गादी ठोकलेली. म्हणजे हे काम पडवीत चाललं होतं. माझ्यासाठी छळाचा पाट तयार करायचा आणि मला ‘डॉक्टरांचं एक काम आहे’ एवढंच सांगायचं. मेजावर बांधलेली असताना मला हा शोध लागावा.

शेवटी तेल परत ओढून काढायला पुन्हा सुई. थोडं निघालं, थोडं आतच राहिलं. ते राहणार, म्हणाले. कायमचं. हेही तेव्हाच कळलं.

परत खाटेवर आणलं तेव्हा वाटलं, सुटले. संध्याकाळी उठून बसले आणि कुणी डोक्यात पहार मारली तसं झालं. आडवं पडलं की थांबतं, बसलं की पुन्हा. दोन दिवस उलट्या. पुष्पावती म्हणाली, “डोकं दुखणारच. सगळ्यांचं दुखतं. आठवडाभरात जातं.”

“सगळ्यांचं दुखतं, तर आधी सांगितलं का नाही?”

तिनं चादर नीट केली. “सांगितलं असतं तर आला असतात का बाई?”

तिला वाटलं, हे उत्तर झालं.

मंगळवार, ५ मार्च.

निकाल लागला. अर्थात आधी मास्तरांना. व्हरांड्यात दोन मिनिटं बोलणं झालं आणि मास्तर आत आले. ते माझ्याजवळ आले नाहीत, खाटेच्या पायथ्याशी खाली बसले, खाटेचा खूर दोन्ही हातांनी धरला आणि त्यावर कपाळ टेकलं. मला वाटलं चक्कर आली.

“गाठ नाही,” म्हणाले. “गाठ नाही. दोन मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर दाब पडलाय. तीन महिने प्लॅस्टरचा पट्टा. बहुतेक भरून येईल म्हणतात.”

“कसली गाठ?”

तेव्हा सगळं बाहेर आलं. पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते की मणक्याच्या आतल्या मज्जेत गाठ असू शकते, असली तर वर्ष काढणं कठीण. बाईंना बोलू नका, धीर खचेल. तीन आठवडे हे पोटात घेऊन हा माणूस रंधा मारत होता.

मी म्हटलं, “मरायचं होतं मला आणि तयारी तुम्ही करत होता. मला विचारलंत का, मला कळायला हवं होतं का?”

“विचारायचं म्हणजे सांगायचंच की.”

“मग सांगायचं.”

“माझ्यानं तोंड उघडवेना, कृपा.”

मी कूस बदलली. मी इतकी रागावलेय की गाठ नाही याचा आनंद अजून माझ्यापर्यंत पोचलेला नाही. प्रार्थनेला काही सुचलं नाही. नुसतं ‘आमेन’ म्हटलं.

गुरुवार, ७ मार्च.

बायडाबाईची तपासणी सोमवारी ठरली. तिलाही ‘मुंगी’च सांगितलीय. गहिनीनाथ बैलांना पाणी दाखवायला गेला होता तेव्हा तिनं विचारलं, “मास्तरीणबाई, तुमी त्या दिशी आतून वरडलाव. आमाला हितवर आयकू आलं. मुंगी चावल्यावर मानूस असं वरडतं व्हय?”

मी तिला सगळं सांगितलं. सुई, हाड, वीज, तेल, उलटं टांगणं, डोकं. काही लपवलं नाही. तिचे डोळे मोठे मोठे होत गेले. या दवाखान्यात खरं बोलणारं एक माणूस तरी आहे, याचं मला समाधान वाटलं.

शुक्रवार, ८ मार्च.

शेजारची खाट रिकामी. उजाडता उजाडता गहिनीनाथनं तिला पाठीवर घेतलं आणि गेला. कुणाला काही न विचारता.

डॉक्टर आले. पहिल्यांदाच ते माझ्याशी सरळ माझ्याकडे बघून बोलले.

“तुम्ही काय सांगितलंत तिला?”

“जे झालं ते.”

“तिच्या मणक्याला क्षयाची कीड आहे. पू धरलाय, तो मज्जेला दाबतोय. कुठं दाबतोय हे कळलं तर काढता येतो. नाहीतर महिन्या-दोन महिन्यांत पाय कायमचे गेले. मग लघवी, मग पाठीला जखमा. कळतंय का तुम्हाला?”

“हे तुम्ही तिला सांगितलं होतं का?”

“नवऱ्याला सांगितलं होतं.”

“तिला?”

ते निघून गेले. खरं सांगणं हा गुन्हा केव्हापासून झाला? दोष माझा नाही. त्यांनी आधी खोटं सांगितलं नसतं तर माझं खरं तिला इतकं लागलं नसतं. हे मी दिवसभरात अनेकदा स्वतःला सांगितलं. एकदा सांगून पुरायला हवं होतं.

शनिवार, ९ मार्च.

सकाळी मास्तर आले, आणि विचारल्याशिवाय बोलले, हे विशेष. “त्या जामखेडकरांची गाडी माळीवाड्याच्या वेशीबाहेर उभी आहे. एका बैलाच्या खुराची पत्री निसटली म्हणून थांबलेत. दुपारनंतर निघतील.”

मी म्हटलं, “टांगा आणा.”

“डोकं?”

“डोकं माझं आहे.”

टांग्यात आडवी होऊन गेले. बायडाबाई गाडीत कडब्यावर पडलेली. गहिनीनाथ बैलाचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. मी गाडीशी उभी राहिले आणि लगेच डोक्यात पहार. उभं राहून बोलणं शक्यच नव्हतं. मग मास्तरांनी मला उचलून गाडीतच ठेवलं. तिच्या शेजारी, कडब्यावर. आम्ही दोघी उताण्या, वर लिंबाच्या फांद्या. असं बोलायला बरं पडलं. एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं.

“कशाला आलाव बाई?” ती म्हणाली.

“परवा मी अर्धंच सांगितलं. उरलेलं सांगायला आले.”

“आजून हायच का?”

“दुखलं ते सांगितलं. ते किती वेळ दुखलं हे नाही सांगितलं. मी रागात होते.”

तिनं दोन्ही हातांची बोटं वर धरली. मग म्हणाली, “बरं, सांगा. मला ईसच मोजता येत्यात, त्या मापानं सांगा.”

म्हणून मी विसांनी सांगितलं. भुलीची सुई, एक वीस सुद्धा नाही. मोठी सुई, पाच विसा, हाडाला लागली तर दहा. वीज एकदाच, तीन मोजेपर्यंत. तेल जाताना दहा विसा, पण ते भरणं आहे, कापणं नाही. उलटं टांगणं सगळ्यात लांब, ते विसांत मावत नाही. एक भाजी शिजेल एवढा वेळ. डोकेदुखी आठवडाभर, पण आडवं पडलं की थांबते. आज माझा नववा दिवस, अजून उभं राहिलं की कळ येते, पण पहिल्या दिवसाच्या पावपट. तेल थोडं आत राहतं. राहिलंय, पण मला ते जाणवत नाही.

मग मी तिला तिच्या पाठीबद्दल सांगितलं. कीड, पू, दाब. पाय जातील हेही. हे सांगताना माझा आवाज गेला. मास्तरांचं तोंड का उघडलं नसेल हे तिथं क्षणभर कळल्यासारखं झालं, पण ते पुन्हा केव्हातरी.



“पाय जात्याल हे ह्येंला ठावं हुतं?” तिनं विचारलं.

गहिनीनाथ चाकाशी उभा होता. त्यानं मान हलवली.

“आन तरी तुमी मला घेऊन निघालाव?”

“तू म्हनलीस, चला. तू रडत हुतीस. मग मी निघालो.”

ती पुन्हा माझ्याकडे वळली. “बाई, तुमी परत घ्याल का करून? खरं सांगा.”

या प्रश्नाची तयारी मी करून आले नव्हते. “आज विचाराल तर नाही म्हणेन. डोकं दुखतंय. पण माझ्या पाठीत काय आहे हे कळायला दुसरा रस्ता नव्हता. तेव्हा, घेईन. फक्त या वेळी मला कुणीतरी आधी सगळं सांगायला पाहिजे.”

“मला सांगाल?”

“सांगितलं की.”

“तसं न्हवं. तिथं. मंदी. आता ही सुई, आता हे तेल, असं. हात धरून.”

मी हो म्हटलं. तिनं उशाचा तांब्या उचलून आधी स्वतः घोटभर पाणी घेतलं, मग माझ्यापुढं केला. मी प्यायले.

गाडी तशीच दवाखान्याकडे वळवली. डॉक्टर पायऱ्यांवर उभे होते. बायडाबाई गाडीतूनच म्हणाली, “मी येते. पर ही बाई मंदी पायजे. आन तुमी जे कराल ते आदी सांगून कराल.”

“तपासणीच्या खोलीत रुग्णांना—”

मी म्हटलं, “डॉक्टर, त्या दिवशी तुमचा हात थरथरत होता.”

त्यांनी हात खिशात घातले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “लष्करात अकरा वेळा बघितलं होतं. स्वतःच्या हातानं तुमची पहिली.”

हेही मला सांगितलेलं नव्हतं. माझ्यावर शिकले. मी काहीतरी जळजळीत बोलणार होते, पण बायडाबाई गाडीत वाट बघत होती.

“येऊ द्या दोघींना,” ते म्हणाले.

सोमवार, ११ मार्च.

झालं. मला खाली चटईवर आडवं घातलं होतं. बायडाबाईचा हात वरून माझ्या हातात. डॉक्टर आधी सांगत होते, पण पुस्तकी. “आता मी कटिप्रदेशी सूचिकाप्रवेश करतो आहे.” मी सांगायचे, “आता मोठी सुई.” पुढं पुढं तेही “आता मोठी सुई” म्हणू लागले. सुई हाडाला लागली नाही, पहिल्यांदाच बरोबर गेली. पाचव्या विसाला बायडाबाईनं डॉक्टरांच्या आईला, आजीला आणि गावाला शिव्या दिल्या. डॉक्टर म्हणाले, “आता तेल. दहा विसा.” ती शिव्या थांबवून मोजू लागली. मेज कलतं केलं तेव्हा ती ओरडली आणि माझा हात तिनं असा आवळला की तिच्या नखांच्या चार चंद्रकोरी माझ्या मनगटावर अजून आहेत. पुष्पावतीचे डोळे भरले होते.

बुधवार, १३ मार्च.

दुपारी डॉक्टर क्ष-किरणांची काच घेऊन आले. दारातूनच त्यांनी गहिनीनाथला बोट वाकवून बाहेर बोलावलं. गहिनीनाथ भिंतीशी बसला होता. उठला नाही. पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, “मला नगा सांगू, डाक्टर. तिलाच सांगा. पाठ तिची हाय.”

महिनाभरात डॉक्टरांसमोर त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत लांब बोलणं. आणि मी त्याला ठोंब्या लिहून बसले होते.

डॉक्टर आत आले. मग स्टूल ओढून बायडाबाईच्या उशाशी बसले आणि काच खिडकीच्या उजेडात धरली. पांढरी तेलाची रेघ वर जाते आणि एका ठिकाणी तुटते. “इथं अडलंय. इथून पू काढायचा. पुढं सहा महिने प्लॅस्टरमधे पडून राहायचं.”

“पाय येत्याल का?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मदत केली नाही.

“दहांतल्या सहांचे येतात,” ते म्हणाले. “चौघांचे येत नाहीत.”

बायडाबाईनं मनात हिशेब केला. “दिवाळीपासनं मला कुनी येक सुदिक सांगितला न्हवता. सहा लई झाले. करा.”

मास्तर दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते. मी बघितलं तेव्हा त्यांनी नजर खाली केली नाही. मी त्यांना जवळ बोलावलं आणि पाय जमिनीला टेकल्याचं मला कळत नाही, हे सांगितलं. तीन आठवडे लपवलं होतं. ते म्हणाले, “मला ठाऊक होतं. तू पाय टाकताना खाली बघतेस.”

रविवार, १६ जून. शेवगाव.

वहीला बरेच दिवस हात लावला नाही. पट्टा काढला. पाऊल अजून थोडं घासतं, पण जमीन कळते. उद्यापासून शाळा. साहेबांना नगरच्या तपासणीची काच पाठवली आहे, सोबत पत्र नाही.

काल डॉक्टर निमसे यांचं पाकीट आलं. वर पत्ता: ‘यशया मास्तर भिंगारदिवे यांस.’ मास्तरांनी ते न फोडता माझ्यापुढं ठेवलं. “पाठीविषयी असेल. तूच वाच.”

बायडाबाईचं ऑपरेशन एप्रिलात झालं. मे महिना तसाच गेला. गेल्या मंगळवारी उजव्या पायाचा अंगठा हलला. डाव्याचं अजून सांगता येत नाही, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे. बायडाबाईनं निरोप दिलाय की आता तिला शंभरापर्यंत येतं. गहिनीनाथनं शिकवलं.

पुढं लिहिलं आहे की राहुरीकडची एक बाई तपासणीसाठी दाखल झाली आहे, लिहितावाचता येणारी. तेव्हा ‘आपल्या सौभाग्यवतींनी’ बायडाबाईला जे सांगितलं ते कागदावर उतरवून पाठवलं तर उपयोग होईल. सौभाग्यवतींना थेट विचारायला यांच्या दौतीतली शाई संपली होती बहुधा. मी पाकीट दोनदा भिरकावलं, दोनदा उचललं.

मग कागद घेतला. मास्तर म्हणाले, सुरुवात जरा हळुवार कर. मी ऐकलं नाही. वर लिहिलं, ‘हे दुखेल.’ आणि त्याखाली, किती वेळ, ते लिहायला घेतलं.